नौदलाला वेगळे लढाऊ विमान का लागते?

बाई, आपल्या शाळेतील दहावीच्या मुलांचे दोन प्रश्न आपण मला लिहून कळवलेत. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा झाला, तेव्हा नौदलाची मिग-२९के लढाऊ विमाने डोक्यावरून गेलेली या मुलांनी पाहिली. हवाई दलाकडे इतकी चांगली विमाने असताना नौदलाने वेगळी विमाने का बाळगावीत, हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि आपला देश ‘तेजस’सारखे लढाऊ विमान स्वतः घडवतो, तर त्याचे इंजिन बाहेरून का आणावे लागते, हा दुसरा. नौदलाच्या हवाई शाखेत इंजिनांच्या देखभालीचे काम मी वीसहून अधिक वर्षे केले. त्यातला बराच काळ गोव्यातील दाबोळीच्या तळावर आणि ‘विराट’ या विमानवाहू जहाजावर सी हॅरियर लढाऊ विमानांपाशी गेला. आता वेंगुर्ल्याजवळ गावी असतो. त्या दिवशी तारकर्लीच्या वाळूत मीही उभा होतो, त्यामुळे मुलांच्या मनात काय भरले असेल याची मला चांगली कल्पना आहे.

मुलांच्या मनात भरला तो वेग, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही, कारण लढाऊ विमानांचा इतिहास सहसा वेगाच्याच आकड्यांनी सांगितला जातो. विमानांपाशी आयुष्य घालवलेल्या माणसाला मात्र वेगापेक्षा दोन गोष्टी अधिक कठीण वाटतात. वेगासाठी घडवलेले विमान न पडता हळू उडवणे ही एक, आणि वितळण्याच्या बेतात असलेला धातू तासन्‌तास कामाला लावून टिकवणे ही दुसरी. समुद्र या दोन्ही गोष्टी आणखी बिकट करतो. आपल्या मुलांचे दोन्ही प्रश्न मला याच ठिकाणी येऊन मिळताना दिसतात.

आधी हळू उडण्याविषयी. पंखाला मिळणारा उचल-जोर हवेतील वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा केला की उचल चौथाईवर येते. संथ उडायचे असेल तर पंख मोठा, जाड आणि सरळ हवा. ध्वनीच्या वेगाजवळ जायचे असेल तर तो पातळ, लहान आणि मागे झुकलेला हवा. अडॉल्फ बुझमान या जर्मन शास्त्रज्ञाने १९३५ साली रोम येथील परिषदेत मागे झुकलेल्या पंखाचा विचार मांडला, तेव्हा जेट विमान अजून उडायचेच होते. पहिले जेट, हाइंकेल-१७८, २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडाले. पुढे जेट इंजिन आणि झुकलेला पंख यांची जोडी जमली आणि विमाने ध्वनीच्या पुढे गेली, परंतु त्याबरोबर त्यांचा उतरण्याचा वेगही वाढत गेला. जमिनीवर या अडचणीचे उत्तर सोपे होते : धावपट्टी लांब करायची. आज हवाई दलाच्या तळांवर दोन-अडीच किलोमीटरच्या धावपट्ट्या असतात. नौदलाचे नवे विमानवाहू जहाज ‘विक्रांत’ मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २६२ मीटर भरते, आणि ती सगळी लांबी उतरण्यासाठी मिळत नाही.

जहाजावर पहिले जेट उतरले ते ३ डिसेंबर १९४५ रोजी. ब्रिटिश नौदलाचे वैमानिक एरिक ब्राउन यांनी ‘ओशन’ या जहाजावर सी व्हँपायर उतरवले. त्या काळी जहाजाचा डेक, म्हणजे वरचा सपाट भाग, सरळ असे. मागच्या टोकाला उतरायचे, विमानाच्या शेपटाखालचा हुक डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकायचा, आणि तो अडकला नाही तर पुढे जाळीचा अडसर, त्याच्याही पुढे उभी करून ठेवलेली विमाने. पंख्याच्या विमानाला हे चालून जात असे, कारण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, पुढे ढकलताच त्याचे इंजिन जोर देई. सुरुवातीची जेट इंजिने मंद होती. जोर मागितल्यापासून तो मिळेपर्यंत कित्येक सेकंद जात, आणि तेवढ्यात जहाज संपून जाई.

यावर ब्रिटिश नौदलात थोड्या वर्षांच्या अंतराने तीन उपाय निघाले, आणि विमानवाहू जहाजे आजही त्यांच्या किंवा त्यांच्यापासून निघालेल्या साधनांच्या आधारावर चालतात. डेनिस कँबेल यांनी १९५१ मध्ये सुचवले की उतरण्याची पट्टी जहाजाच्या मध्यरेषेपासून काही अंश तिरकी आखावी, म्हणजे तार चुकलेले विमान समोर उभ्या असलेल्या विमानांवर न आदळता डेकच्या बाजूने पुन्हा हवेत जाऊ शकेल. निकोलस गुडहार्ट यांनी आरसा आणि दिवे यांची अशी मांडणी केली, की वैमानिकाला आपण योग्य उतारावर आहोत, वर आहोत की खाली, हे स्वतःच्या डोळ्यांनी कळावे. कॉलिन मिचेल यांनी जहाजाच्या बॉयलरमधील वाफेवर चालणारे कॅटापल्ट, म्हणजे विमान फेकणारे यंत्र, तयार केले. यांतला तिरका डेक मला सर्वांत मोठा वाटतो, कारण त्यासाठी नवे यंत्र लागले नाही. आरंभीच्या चाचण्या तर डेकवर केवळ तिरकी रेघ रंगवून झाल्या.

आपले पहिले ‘विक्रांत’ ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे नौदलात दाखल झाले, तेव्हा या तिन्ही सोयी त्यावर होत्या. त्यावरची लढाऊ विमाने सी हॉक होती. त्यांत रोल्स-रॉइसचे नीन इंजिन असे, आणि त्याच्या धुरांड्याला दोन फाटे फोडून ते पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना काढलेले होते, त्यामुळे मागच्या धडात इंधनाला जागा मिळे. पंख सरळ होता, म्हणून विमान फार वेगवान नव्हते, पण जहाजावर गुणी होते. १९७१ च्या युद्धाच्या वेळी ‘विक्रांत’च्या बॉयलरला तडे गेलेले असल्यामुळे जहाजाच्या वेगावर मर्यादा होती, तरीही ४ डिसेंबरपासून सी हॉकनी कॉक्स बझार आणि चितगाव येथे हल्ले केले. त्याच रात्री पश्चिमेला आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला, आणि तेव्हापासून ४ डिसेंबर हा नौदल दिन झाला.

बॉयलरचा आणि विमानांचा संबंध मुलांना पटकन उमगणार नाही, म्हणून तो सांगतो. पंखाला जहाजाचा किंवा जमिनीचा वेग कळत नाही, त्याला फक्त समोरून येणाऱ्या हवेचा वेग कळतो. आपल्याकडचा कोणताही मच्छीमार होडीचे नाळ, म्हणजे पुढचे टोक, वाऱ्यावर धरणे म्हणजे काय हे जाणतो. विमान उडवताना आणि उतरवताना विमानवाहू जहाजही तेच करते : वाऱ्याच्या दिशेला तोंड करते आणि वेग वाढवते. जहाज २० नॉटने चालले आणि समोरून १० नॉटचा वारा असला, तर डेकवर ३० नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटरचा वारा उभा राहतो. विमानाचा हवेतला वेग ताशी २४० किलोमीटर असेल, तर डेकच्या दृष्टीने ते ताशी १८५ किलोमीटरनेच येते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने जाते, म्हणून तारेला पेलावी लागणारी ऊर्जा जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी होते. जहाजाचा वेग कमी पडला की ही सवलतही कमी पडते. मग विमानातील वजन उतरवावे लागते किंवा वारा वाढण्याची वाट पाहावी लागते.

आता वर्गात फळ्यावर सोडवता येईल असे एक गणित. वाऱ्याची सवलत बाजूला ठेवा. आजच्या आपल्या जहाजांवर मिग-२९के ताशी सुमारे २४० किलोमीटरवरून शून्यावर सुमारे अडीच सेकंदांत येते. ताशी २४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ६६.७ मीटर. त्याला अडीचने भागले की २६.७ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे मंदन मिळते, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या २.७ पट. मंदन एकसारखे धरले तर थांबेपर्यंतचे अंतर सुमारे ८३ मीटर निघते. सत्तर किलोच्या वैमानिकाला त्या अडीच सेकंदांत आपण पुढे फेकले जात आहोत असे वाटते, आणि पट्ट्यांवर येणारा जोर त्याच्या वजनाच्या पावणेतीन पट असतो. हे सगळे हुकाच्या एका बिंदूतून विमानाच्या पाठीच्या कण्यात शिरते.

मुलांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे सुरू होते. जमिनीवर उतरणारा वैमानिक शेवटच्या क्षणी नाक किंचित उचलतो आणि विमान अलगद टेकवतो. जहाजावर असे करता येत नाही. अलगद टेकवू पाहिले तर विमान तरंगत पुढे जाईल आणि तारा मागे राहतील. ‘विक्रमादित्य’ आणि नवे ‘विक्रांत’ या आपल्या दोन्ही विमानवाहू जहाजांवर अशा तीनच तारा आहेत. म्हणून वैमानिक ठरलेल्या उतारावरून थेट डेकवर येऊन बसतो आणि चाके टेकताच इंजिन कमी करण्याऐवजी पूर्ण जोरात देतो, कारण हुक अडकला नाही तर त्याला लगेच पुन्हा उडायचे असते. अशा उतरण्यात खाली येण्याचा वेग जमिनीवरच्या विमानाच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक धरावा लागतो. चाकांचे पाय, ते जिथे बसतात त्या चौकटी, हुक जिथे जोडतात तो मागचा भाग, हे सगळे त्यासाठी मजबूत करावे लागते, आणि मजबुतीला वजन लागते. हवाई दलाच्या विमानाला नुसता हुक लावून जहाजावर उतरवले, तर पहिल्याच प्रयत्नात त्याचे पाय धडात घुसण्याची शक्यता आहे. उलट, नौदलाच्या विमानाला जमिनीवर काहीच अडचण नसते. फक्त ते आपल्या जोडीदारापेक्षा जड असते आणि तेवढे इंधन किंवा शस्त्रे कमी नेते.

उडण्याची तऱ्हाही वेगळी. आपल्या जहाजांवर आज कॅटापल्ट नाही. पुढच्या टोकाला सुमारे १४ अंशांचा चढ आहे, त्याला स्की-जंप म्हणतात. ही युक्ती ब्रिटिश नौदलातील डग टेलर यांची. विमानाच्या चाकांपुढे डेकमधून अडसर वर येतात, वैमानिक आफ्टरबर्नरसह (म्हणजे इंजिनाच्या मागच्या नळीत जादा इंधन जाळून) पूर्ण जोर देतो, मग अडसर खाली जातात आणि विमान सुटते. चढाच्या टोकाला पोहोचते तेव्हा ते स्वतःच्या पंखावर तरंगण्याइतक्या वेगात आलेले नसते. चढ त्याला वर फेकतो, आणि फेकलेला दगड जसा वर जाऊन मग खाली येतो त्या कमानीच्या काळात त्याला काही सेकंद मिळतात; त्या सेकंदांत इंजिन उरलेला वेग भरून काढते. कॅटापल्ट असलेल्या जहाजावरून विमान अधिक भार घेऊन उडते हे खरे, पण स्की-जंपमध्ये हलणारा भागच नाही, आणि म्हणून तो बिघडत नाही. देखभालीचे काम केलेल्या माणसाला हे मोठे सुख वाटते.

सी हॅरियरविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या विमानाने उतरण्याचा प्रश्न तारेशिवाय सोडवला होता. त्याचे पेगासस इंजिन चार नळ्यांतून जोर देत असे. पुढच्या दोन नळ्यांतून इंजिनाच्या पंख्याने दाबलेली, तुलनेने थंड हवा बाहेर पडे आणि मागच्या दोन नळ्यांतून जळालेला वायू. चारही नळ्या एकत्र फिरत : मागे वळल्या की विमान पुढे जाई, खाली वळल्या की जागच्या जागी तरंगे, आणि ९० अंशांच्या थोड्या पलीकडे वळवल्या की हवेतच मागे रेटले जाई. वैमानिकाच्या डाव्या हाताशी थ्रॉटलशेजारी यासाठी एक वेगळा दांडा असे. तरंगताना पंखांवर हवा वाहत नसल्यामुळे नेहमीची सुकाणूंची पाने निकामी होत. म्हणून इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागातून, काढलेली दाबाची हवा नाकाशी, शेपटाशी आणि पंखांच्या टोकांशी असलेल्या छोट्या झडपांतून सोडून तोल सांभाळला जाई. इंजिनाचे दोन भाग मुद्दाम उलट दिशांनी फिरत, नाही तर फिरत्या भोवऱ्याप्रमाणे इंजिनाने विमानालाच वळवले असते.

जहाजाशेजारी येऊन स्थिर व्हायचे, आडवे सरकत डेकवर यायचे आणि खाली बसायचे. आधी थांबणे आणि मग उतरणे, हा क्रम तारेवर उतरणाऱ्या विमानांच्या उलट होता. आमची पहिली सी हॅरियर १९८३ च्या डिसेंबरात दाबोळीला आली, आणि १९८७ मध्ये ‘विराट’ दाखल झाले. हे जहाज पूर्वी ब्रिटनचे ‘हर्मिस’ होते आणि १९८२ च्या, अर्जेंटिनाविरुद्धच्या, फॉकलंड युद्धात त्यांच्या ताफ्याचे प्रमुख जहाज होते. त्या युद्धात सी हॅरियरनी हवाई लढाईत स्वतःचे एकही विमान न गमावता शत्रूची वीस विमाने पाडली.

या सोयीची किंमत मात्र जबर होती, आणि ती आम्हाला कोकणच्या उन्हाळ्यात दररोज मोजावी लागे. तरंगताना विमानाचे संपूर्ण वजन इंजिनाच्या जोरावर असते. एप्रिल-मे महिन्यांत अरबी समुद्रावर हवा तापून विरळ होते, इंजिनात कमी हवा शिरते, जोर घटतो. त्यासाठी विमानात सुमारे सव्वादोनशे किलो शुद्ध पाणी ठेवलेले असे. उतरताना ते इंजिनात फवारले की आतले तापमान आटोक्यात राहून थोडा अधिक जोर काढता येई. ते पाणी जेमतेम दीड मिनिट पुरे. तेवढ्या वेळात खाली बसायचे. इंजिन बदलायचे झाले तर विमानाचा संपूर्ण पंख क्रेनने वर उचलून काढावा लागे, कारण इंजिन त्याच्या खाली, विमानाच्या मधोमध बसलेले होते. हलत्या जहाजाच्या हँगरमध्ये हे काम करताना कप्तान समुद्र शांत असलेल्या बाजूला जहाज नेई. तरीही ११ मे २०१६ रोजी दाबोळीला सी हॅरियरना निरोप दिला गेला तेव्हा आमच्यापैकी अनेकांना बोलता येईना.

खारटपणाचा विषय आपल्या मुलांना सर्वांत जवळचा वाटेल. खिडकीचे गज, सायकलची साखळी, पंपाचे बोल्ट कसे फुगून सुटतात, हे किनाऱ्यावर प्रत्येक घरात दिसते. विमान बहुतांशी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे असते. ते लोखंडासारखे तांबडे गंजत नाही, पण रिव्हेटच्या कडेने आणि रंगाखाली पांढरी पूड धरते, आणि ती पूड धरली म्हणजे आतून धातू खाल्ला गेलेला असतो. दोन वेगळे धातू एकमेकांना लागून असले आणि मध्ये खारे पाणी आले की त्यांची बॅटरी बनते आणि एक धातू दुसऱ्यासाठी झिजतो. ट्रॉलरच्या तळाला पंख्याजवळ झिंकचे ठोकळे लावतात ते याच कारणाने : झिजायचे ते झिंकने झिजावे. विमानाला असे ठोकळे लावून भागत नाही. आधुनिक विमानांत कार्बन तंतूंचे भाग असतात, आणि कार्बन अॅल्युमिनियमला फार लवकर खातो, म्हणून दोहोंच्या मध्ये काचतंतूंचा थर द्यावा लागतो, प्रत्येक फट विशिष्ट लुकणाने बुजवावी लागते, आणि विमान सतत गोड्या पाण्याने धुवावे लागते.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, एका तळावर, मी पाऊस पडून गेला म्हणून एका विमानाची धुलाई दुसऱ्या दिवसावर ढकलली. पावसानेच विमान धुतले असे मला वाटले होते. आमच्या ज्येष्ठ मुख्य तंत्रज्ञांनी मला पंखाखालच्या एका झाकणाजवळ नेले आणि आत बोट घालून चाखायला सांगितले. ते खारट होते. पावसाचे पाणी वरून वाहून जाते, पण खारा दमटपणा खालून आणि आतून चढतो, हे त्या दिवशी मला जिभेवर कळले, आणि पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलाला मी तीच जागा दाखवली.

इंजिनाच्या आत मीठ याहून वाईट वागते. समुद्राच्या हवेतील मीठ आणि इंधनातील अल्प गंधक यांच्यापासून ज्वलनकक्षात सोडियम सल्फेट तयार होते. त्याचा वितळणबिंदू ८८४ अंश सेल्सियस आहे, आणि टर्बाइनची, म्हणजे तप्त वायूने फिरणाऱ्या चक्राची, पाती त्याच तापमानाच्या आसपास काम करत असतात. वितळलेला हा क्षार पात्यावर पातळ थरासारखा बसतो आणि धातूचे रक्षण करणारे ऑक्साइडचे कवच विरघळवून टाकतो. म्हणून समुद्रावर उडून आलेल्या इंजिनाचा कॉम्प्रेसर क्षारमुक्त पाण्याने धुण्याची शिस्त असते, आणि पात्यांवर वेगळे लेप दिलेले असतात.

इथून आपण दुसऱ्या प्रश्नावर येतो. जेट इंजिनाचे तत्त्व सोपे आहे : हवा दाबा, तिच्यात इंधन जाळा, तापलेल्या वायूने टर्बाइन फिरवा, टर्बाइनने पुढचा कॉम्प्रेसर फिरवा, आणि उरलेला वायू मागे फेका. ब्रिटनच्या फ्रँक व्हिटल यांनी १९३० मध्ये याचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने मेसरश्मिट-२६२ हे जेट प्रत्यक्ष लढाईत आणले, परंतु निकेल आणि क्रोमियम यांचा तुटवडा असल्याने त्याच्या युमो-००४ इंजिनाचे ज्वलनकक्ष साध्या पोलादाला अॅल्युमिनियमचा मुलामा देऊन बनवावे लागले, आणि ती इंजिने १० ते २५ तासांत निकामी होत. ब्रिटनकडे निमोनिक नावाचा निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू होता, त्यामुळे त्यांची इंजिने टिकली. जर्मनीकडे बुद्धिमान अभियंते नव्हते असे कोणी म्हणणार नाही. त्यांना धातू मिळाला नाही.

तेव्हापासून आजपर्यंत लढाई धातूचीच आहे. आधुनिक लढाऊ इंजिनात टर्बाइनवर येणारा वायू १,६०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून तप्त असतो, आणि पात्याचा धातू सुमारे १,३०० ते १,४०० अंशांना वितळू लागतो. पाते तरीही टिकते, कारण ते आतून पोकळ असते. त्यातून कॉम्प्रेसरची थंड हवा खेळवतात आणि पृष्ठभागावरच्या बारीक छिद्रांतून ती बाहेर सोडून पात्याभोवती हवेचे पांघरूण धरतात. ते पाते मिनिटाला हजारो फेरे फिरत असते, त्यामुळे बोटभर लांबीच्या त्या तुकड्यावर काही टनांची ओढ असते. इतक्या उष्णतेत आणि इतक्या ओढीखाली धातू हळूहळू लांबत जातो.

साधा ओतीव धातू असंख्य बारीक कणांचा बनलेला असतो आणि तापल्यावर तो कणांच्या सीमांवर सैल पडतो. मुलांना गुळाचा खडा आणि खडीसाखरेचा खडा शेजारी ठेवून दाखवावेत : गूळ कणाकणांच्या सांध्यांत सुटतो, खडीसाखर एकसंध असते. इंजिनाचे पाते खडीसाखरेच्या एकाच खड्यासारखे, म्हणजे संपूर्ण पाते एकच स्फटिक, असे ओतता आले तर सैल पडायला सीमाच उरत नाही. साच्याच्या तळाला नागमोडी नळी ठेवून अनेक स्फटिकांतला एकच वर चढू द्यायचा, आणि साचा भट्टीतून अत्यंत संथपणे खाली ओढायचा, अशी ही रीत आहे. ती ऐकायला सोपी आहे; सगळी कठीण गोष्ट ती हजारो वेळा न चुकता करण्यात आहे, आणि ज्या कंपन्यांना ती साधली त्या ती कोणाला देत नाहीत.

आपल्या देशाने याची झळ दोनदा सोसली. जर्मन अभियंते कुर्त टांक यांच्या देखरेखीखाली बंगळूरला घडलेले मारुत विमान १७ जून १९६१ रोजी उडाले. त्याचा सांगाडा ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेला होता, पण त्यासाठी ठरवलेले ब्रिटिश इंजिन पुढे बनलेच नाही, आणि आफ्टरबर्नर नसलेल्या ऑर्फियस इंजिनांवर त्याला आयुष्य काढावे लागले. १९७१ मध्ये त्याने राजस्थानच्या आघाडीवर चांगले काम केले, तरी ते जे होऊ शकले असते ते झाले नाही. दुसरी वेळ तेजससाठी देशातच घडवायला घेतलेल्या कावेरी इंजिनाची. या प्रकल्पाला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली, आणि २००८ मध्ये तो तेजसपासून वेगळा करण्यात आला, कारण अपेक्षित वजनात अपेक्षित जोर मिळत नव्हता. तेजस अमेरिकी एफ-४०४ इंजिनावर उडते. माझ्या मते कावेरीला अपयश म्हणून सोडून देणे अन्यायाचे आहे. त्या कामातून देशात इंजिनाची माहिती असलेली पिढी उभी राहिली. २०२१ मध्ये हैदराबाद येथील संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी ६० एकस्फटिकी पाती तयार करून दिली. मला ती बातमी कोणत्याही हवाई कसरतीपेक्षा मोठी वाटली.

नौदलाच्या तेजसमध्ये हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. त्याला मजबूत पाय आणि हुक दिला. पंखाच्या मुळाशी हलती पाने बसवली, म्हणजे ते संथ वेगातही ताब्यात राहावे. दाबोळीला नौदलाच्या तळावर जहाजाच्या डेकची जमिनीवर केलेली प्रतिकृती आहे, स्की-जंप आणि तारांसह. तिथे १३ सप्टेंबर २०१९ रोजी ते प्रथम तारेवर उतरले. ११ जानेवारी २०२० रोजी ‘विक्रमादित्य’वर आणि ६ फेब्रुवारी २०२३ रोजी नव्या ‘विक्रांत’वर उतरले. तंत्र म्हणून ही फार मोठी सिद्धी आहे. तरीही २०१६ मध्येच नौदलाने सांगितले होते की या विमानाला जहाजावरून पुरेसा भार नेता येणार नाही : समुद्रासाठी वाढलेले वजन आणि एकाच इंजिनाचा जोर यांचा मेळ बसत नव्हता. म्हणून आता दोन इंजिनांच्या स्वदेशी विमानाचा आराखडा चालू आहे, आणि तोवरच्या गरजेसाठी एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल-मरीन विमानांचा करार झाला. त्यातला ‘मरीन’ हा शब्द म्हणजे वर सांगितलेले पाय, हुक आणि खाऱ्या हवेपासूनची सगळी राखण.

शक्य असेल तर मुलांना गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात न्यावे. मालवणहून एका दिवसात जाऊन येता येते. सी हॉक आणि सी हॅरियर तिथे उघड्यावर उभी आहेत. सी हॉकच्या पंखाच्या मुळाशी धुरांड्याचे दोन फाटे शोधायला सांगावेत. सी हॅरियरच्या बाजूच्या चार नळ्या मोजून झाल्यावर त्याच्या पंखांच्या टोकांखाली आणि नाकाजवळ तोल सांभाळणाऱ्या झडपांची लहान तोंडे दिसतात का, तेही पाहावे. मग एका रिव्हेटच्या ओळीजवळ डोळे नेऊन पांढरी पूड कुठे धरली आहे का ते बारकाईने बघायला सांगावे, आणि संग्रहालयातील कर्मचाऱ्यांना ती विमाने कशी व किती दिवसांनी धुतात, हे विचारायला सांगावे.